तिला म्हणायचंय की…

घोरपडे बाईंनी प्रश्न विचारला नक्षत्राला, आणि नववीच्या सगळ्या वर्गानं सवयीनं कस्तुरीकडे पाहिलं.

"नक्षत्रा शिंगटे, वाहत्या पाण्याला बांध घातला की पाण्याचं काय होतं?"

नक्षत्रा उभी राहिली. दोन्ही हातांनी बाकाची कड धरली, मान खाली घातली. पहिलीपासून हे असंच चालत आलं होतं. ती उभी राहायची, तिच्या ओठांवर शब्द यायचा आणि गवतावरच्या दहिवरासारखा तिथंच विरून जायचा. मग शेजारची कस्तुरी म्हेत्रे उठायची, वेणी मागं टाकायची आणि म्हणायची, "बाई, तिला म्हणायचंय की…" त्याच्यापुढं जे यायचं ते ऐकायला शेजारच्या वर्गातल्या पोरीही कान देत. नक्षत्रा हळूच "हं" म्हणायची आणि दोघी खाली बसायच्या. गावात म्हणत, एकीचा जीव आणि दुसरीची जीभ.

आजही कस्तुरी अर्धी उठली होती. "बाई, तिला म्हण—"

"पाणी अडवलं की ते रुसतं. आणि रुसलेलं पाणी गाळ धरून बसतं."

आवाज नक्षत्राचा होता, पण तिचे ओठ हललेही नव्हते. तिच्यापुढं बाकावर काडेपेटीएवढी डबी होती, तिच्यातून तो आला होता. किंचित घोगरा, वाक्याच्या शेवटी पायरी उतरावी तसा उतरणारा. वर्गात कुणीच तो आजवर नीट ऐकला नव्हता. ऐकला होता एकट्या कस्तुरीनं. आपल्या परसातली, आपल्यालाच ठाऊक असलेली विहीर सगळ्या गावासाठी उघडी व्हावी आणि जो तो घागर घेऊन यावा, तसं तिला झालं.

"अगं, केवढं सुंदर बोललीस!" बाई म्हणाल्या. वर्गानं टाळ्या वाजवल्या.

कस्तुरी तशीच अर्धी उभी होती. मागच्या बाकावरून कुणीतरी म्हणालं, "बस की आता वकिलीणबाई. अशील स्वतःच बोलाय लागलं."

वर्ग हसला. नक्षत्राही हसली, आणि ते हसू कस्तुरीला काट्यासारखं रुतलं. त्याहून रुतलं ते वाक्य. रुसलेलं पाणी. ते वाक्य कस्तुरीचं होतं.

*

त्या यंत्राचं कागदावरचं नाव लांबलचक होतं. पोरी त्याला कंठी म्हणत. कांद्याच्या पापुद्र्याएवढी पातळ पट्टी गळ्याला चिकटवायची, बाकावर डबी ठेवायची आणि बोटांत एक मणी धरायचा. मणी दाबला की डबी बोलायला लागायची. त्या वर्षी जिल्ह्यातल्या काही शाळांत, वर्गात तोंड न उघडणाऱ्या मुलांसाठी, ती पहिल्यांदाच आली होती.

ती बसवायला आलेल्या तहसीनताईंनी फळ्यावर गळ्याचं चित्र काढून सगळं समजावलं होतं. "आपण मनातल्या मनात बोलतो ना, तेव्हाही जीभ आणि गळ्याचे स्नायू अगदी बारीक हलू पाहतात. मेंदूकडून त्यांना हुकूम येतो, तो इवल्याशा विजेच्या रूपात. आवाज निघत नाही, पण वीज येते. लाजणाऱ्या मुलीकडे शब्द नसतात, असं नाही. शब्द गळ्यापर्यंत येतो आणि उंबऱ्यावर अडखळतो. कंठी त्याला उंबऱ्यावरून उचलून घेते."

"म्हणजे मनातलं सगळंच बाहेर?" एका पोरीनं घाबरून विचारलं.

"नाही गं. मणी दाबशील तेव्हाच, आणि शब्दांत मांडून बोलू पाहशील तेवढंच. पण एक अडचण असते. ही वीज फार क्षीण. निम्म्याहून अधिक शब्द अर्धवटच टिपले जातात. उरलेले अंदाजानं भरावे लागतात. ही मुलगी कशी बोलते, कुठल्या शब्दामागून कुठला शब्द आणते, हे कंठीला आधी शिकवावं लागतं. त्यासाठी तिचं मोकळं बोलणं हवं. पुष्कळ हवं."

नक्षत्रा मोकळं बोलायची ती एकट्या कस्तुरीशी. म्हणून शाळा सुटल्यावर प्रयोगशाळेत दोघी समोरासमोर बसू लागल्या. मध्ये डबी, आणि शेजारी मीठ लावलेले पेरू. कस्तुरी तेव्हा काय तोऱ्यात होती! "माझ्याशिवाय तुमचं यंत्र मुकंच की ओ, ताई," असं तिनं तहसीनताईंना ऐकवलंही होतं.

दोघी बोलल्या त्या नेहमीसारख्याच.

"काल मी नदीवर…"

"…गेलीस आणि आपटलीस. गुडघा सांगतोय."

"हं."

"आईनं मला…"

"…कुटलं असणार. माझ्या आईनं पण कुटलं असतं."

"हं."

एकीनं धागा काढायचा, दुसरीनं तो विणून टाकायचा, अशी त्यांची रीत. ते त्यांना कधी वेगळं वाटलंच नव्हतं. कंठीला मात्र एक नियम घालून दिलेला होता: मुलीनं ज्याला "हं" म्हटलं, ते तिचंच वाक्य धरायचं. तहसीनताईंना बाकीच्या शाळांत त्याची कधी अडचण आली नव्हती.

*

कंठी बोलायला लागली आणि कस्तुरीचे दिवस कडू झाले.

मधल्या सुट्टीत पोरी नक्षत्राभोवती गोळा होत. "नक्षू, मराठीच्या सरांना काय म्हणालीस, पुन्हा म्हण की!" नक्षत्रा लाजत मणी दाबायची आणि डबीतून वाक्य झरायचं. झाडाला पावसाची आठवण आली की पालवी फुटते. चंद्र म्हणजे रात्रीची भाकरी, जिला भूक लागेल तिनं तोडावी. पोरी वेड्या व्हायच्या. कस्तुरी लांब नळापाशी उभी राहून तांब्या उगीचच दोनदोनदा विसळायची. एकेक वाक्य ती ओळखत होती, लेकरू दुसऱ्याच्या कडेवर पाहिलं तरी आईनं ओळखावं तसं. पेरू खाता खाता, हसता हसता तिनं ती नक्षत्राच्या वाक्यांना जोडलेली होती. आता ती नक्षत्राचा आवाज नेसून वर्गात मिरवत होती.

एकदा घरी जाताना तिनं विचारलंच. "ते रुसलेलं पाणी माझं होतं."

नक्षत्रा थांबली. गळ्याची पट्टी काढलेली होती, त्यामुळे शब्दांना वेळ लागत होता. "कस्तुरी, मला ते…"

"ठाऊक आहे. आवडतंय. टाळ्या कुणाला नकोत?"

नक्षत्राचे ओठ तसेच उघडे राहिले. मग तिनं मान हलवली. ती मान हो म्हणत होती की नाही, हे बघायला कस्तुरी थांबली नव्हती.

त्याच आठवड्यात खरा घाव बसला. गावाला पुरापासून वाचवायला नदीकाठानं भिंत घालायची ठरत होती. शाळेच्या सभागृहात तिची जनसुनावणी होती. मोठे अधिकारी यायचे होते, आणि शाळेतल्या एका मुलीनं मुलांच्या वतीनं बोलायचं होतं. असल्या वेळी नाव एकच असे. पंधरा ऑगस्ट कस्तुरी, सव्वीस जानेवारी कस्तुरी. तिनं मनात भाषण केव्हाच रचून ठेवलं होतं.

"यंदा नक्षत्रा बोलेल," घोरपडे बाई म्हणाल्या. "तिचं घर नदीकडेला. पूर तिनं पाहिलाय. कस्तुरी, तू तिला तयारी करून देशील ना, बाळ?"

कस्तुरी "हो बाई" म्हणाली. तिचा आवाज डबीतून आल्यासारखा कोरडा होता.

*

कस्तुरीचे वडील पोवाड्याच्या फडात झीलकरी होते. शाहिराची ओळ संपली की ती उचलायची आणि ताणून धरायची, हे झीलकऱ्याचं काम. त्या रविवारी तालीम त्यांच्याच अंगणात होती. शाहीर रंजनाकाकू डफावर थाप मारून पूर रंगवत होत्या:

"कृष्णामाई आली माहेरा, ओटीत भरला गाळ,
दारी उभी ती बोलंना काही, पदरी—"

"पदरी तान्हं बाळ गं, जी जी रं जी जी!" वडिलांनी झील उचलली.

डफ थांबला. "म्हेत्रे," रंजनाकाकू म्हणाल्या, "माझ्या तोंडात अजून घास हाय, आन् तुम्ही ताट उचलून घासाया बसला व्हय?"

तुणतुणंवाला फिस्सकन हसला. वडिलांनी कान पकडला. "चुकलं, शाहीर. मला वाटलं ओळ झाली."

"झाली न्हाई. बाळ न्हवतंच त्यात. मला म्हणायचं हुतं, 'पदरी कुणाचं दार.' पुराच्या पाण्यात कुणाचं तरी दार वाहत येतं, ते. तुमच्यापायी लोकांनी माझी नदी लेकुरवाळीच करून टाकली असती." मग काकू स्वतःच हसत सुटल्या.

कस्तुरी ओट्यावर शेंगा फोडत होती. तीही हसली. पण तिच्या मनात दुसरंच शिजत होतं. उद्या बाईंना पुरावा द्यायचा. कंठी जे बोलते ते सगळं आपलं आहे, हे नक्षत्रासमोरच दाखवून द्यायचं.

*

दुसऱ्या दिवशी प्रयोगशाळेत दोघीच होत्या. सुनावणी उद्यावर आली होती.

"तू भाषण सुरू कर," कस्तुरी म्हणाली. "डबी बोलायच्या आधी प्रत्येक वाक्याचा शेवट मी सांगते. जुळला तर वाक्य माझं. मग उद्या कोण बोलणार ते बाईंना ठरवू दे."

नक्षत्रानं तिच्याकडे पाहिलं आणि मणी दाबला.

"पूर येतो तेव्हा नदी…" डबी म्हणाली.

"…वाट विसरलेल्या पाहुणीसारखी घरात शिरते," कस्तुरी म्हणाली.

"…वाट विसरलेल्या पाहुणीसारखी घरात शिरते," डबी म्हणाली.

"बघ! एक झालं."

"आमच्या म्हशी रात्रभर…"

"…पाण्यात डोळे लावून बसतात."

"…पाण्यात डोळे लावून बसतात."

"दोन!" कस्तुरीचे गाल तापले होते. इतक्या दिवसांनी तिला गोड वाटत होतं, आणि ते गोड जिभेला चरचरत होतं.

"भिंत झाली तर आमचं घर…"

"…सुरक्षित होईल!" कस्तुरी जवळजवळ ओरडली.

"…सुरक्षित होईल," डबी म्हणाली.

"माझं! हेही माझंच!"

नक्षत्राच्या हातातून मणी सुटला. तिचे डोळे भरून आले होते.

"आता रडतेस कशाला? तुला वाटत असेल मी तुझं—"

आणि कस्तुरी थांबली. तोंडात अजून घास हाय. काकूंचा कालचा आवाज मध्येच आडवा आला. तिनं ओठ दाताखाली धरले. समोर नक्षत्रा होती आणि मध्ये नुसती शांतता. ती शांतता भरून काढायला कस्तुरीच्या जिभेवर एक सोडून दहा वाक्यं नाचत होती. आजवर एवढं अवघड काही तिनं केलं नव्हतं.

नक्षत्रानं गळ्यावरची पट्टी ओढून काढली. श्वास घेतला. पुन्हा घेतला.

"भिंत झाली तर आमचं घर," ती स्वतःच्या तोंडानं म्हणाली, "बाहेर राहील."

"म्हणजे?"

"मोजणीवाले आले होते. चुन्याची रेघ… आमच्या गोठ्याच्या अलीकडनं गेली. गाव आत. आम्ही नदीकडं. भिंतीला आपटून पाणी मागं फिरणार ते…" ती थांबली. कस्तुरी काही बोलली नाही. "ते आमच्यावरच येणार."

"मग सांगितलं का नाहीस मला?"

"सांगायला लागले. कितीदा. तू पुरं करत होतीस."

"आणि तू हं म्हणत होतीस!"

"तू एवढी खूश व्हायचीस, पुरं केलं की." नक्षत्रानं नाक पुसलं. "ती रुसलेल्या पाण्याची वाक्यं मला नकोच होती गं. मला टाळ्या नको होत्या. मला तुला म्हणायचं होतं की ती डबी तुझ्यासारखीच माझ्या पुढं पळते."

कस्तुरी स्टुलावर बसली. इतके दिवस तिला वाटत होतं, तिची वाक्यं चोरीला गेली. चोरी झाली होती खरी. वाक्यं मात्र तिची नव्हती गेली.

*

घोरपडे बाईंनी लगेच तहसीनताईंना फोन लावला. सगळं ऐकून ताई म्हणाल्या, "नियमच चुकला माझा. 'हं' म्हणजे होकार, असं मी धरून चालले. बाई, शिकलेलं पुसायला वेळ लागेल. उद्यापर्यंत एकच करता येईल, अंदाज बंद. मग गळ्यात जे स्पष्ट येईल तेवढंच ती बोलेल. मध्ये भोकं पडतील. पण भोकं तिची असतील."

बाईंनी फोन ठेवला आणि कपाळ चोळलं. "अधिकाऱ्यांसमोर भोकं? एवढी घराची गोष्ट आहे. लोक ऐकून घेणार नाहीत." मग त्यांचा चेहरा उजळला. "कस्तुरी, मग तूच बोल ना! आता तुला खरं काय ते कळलंय. तुझ्याइतकं चांगलं कोण सांगेल?"

हेच तर तिला हवं होतं. क्षणात सगळं भाषण तिच्यात उभं राहिलं: चुन्याची रेघ, गोठा, बाहेर राहिलेलं घर. सभागृह रडलं असतं. तिनं नक्षत्राकडे पाहिलं. नक्षत्राच्या ओठांवर "हं" तयारच होतं.

"नको बाई," कस्तुरी म्हणाली. "तिनं मला दोनच वाक्यं सांगितलीत. बाकीचं मला ठाऊक नाही. मी लागले की मी माझंच सांगेन."

*

सभागृह भरलं होतं. मळीवरची, म्हणजे नदीनं आणलेल्या गाळाच्या जमिनीवर राहणारी घरं मागच्या भिंतीला टेकून उभी होती. पुढच्या खुर्च्या गावठाणाच्या होत्या. नक्षत्रा माइकपुढं उभी राहिली. डबी माइकला टेकवली होती. कस्तुरी तिसऱ्या रांगेत होती, आणि तिथं आपण उभं राहायला हवं होतं हे तिला अजूनही वाटत होतं. ते वाटणं काही एका दिवसात जाणारं नव्हतं.

"भिंत… हवी," डबी म्हणाली. मग काहीच नाही. पंखे फिरत होते. "गावाला… भिंत हवी. मी… गावाचीच."

लोक चुळबुळले. कुणीतरी खोकलं. पुढच्या रांगेतल्या एका आजोबांनी शेजाऱ्याला विचारलं, "बिघाडलं काय ओ मशीन?"

"रेघ… गोठ्याच्या… अलीकडं. आई म्हणते… सोडून जाऊ. बाबा… काहीच…" मोठं भोक पडलं. त्या भोकात तिचे बाबा मागच्या भिंतीशी मान खाली घालून उभे होते, आणि सभागृहातल्या एकेकानं वळून त्यांच्याकडे पाहिलं. कस्तुरीला जाणवलं, आपण इथं एखादं सुंदर वाक्य घातलं असतं, आणि मग कुणीच मागं वळून बघितलं नसतं.

"भिंतीला…" डबी म्हणाली, आणि थांबली.

थांबली ती थांबलीच. नक्षत्राचा गळा हलत होता. मण्यावरचं बोट पांढरं पडलं होतं. अधिकारी भला माणूस होता. त्याला पोरीची दया आली. तो पुढं वाकून मायेनं म्हणाला, "भिंतीला विरोध आहे तुमचा. असंच ना, बाळ?"

नक्षत्रानं दचकून वर पाहिलं. तिची मान हलायला लागली, जन्मभराच्या सवयीनं, "हं"कडे.

"थांबा, साहेब!"

कस्तुरी उभी होती. केव्हा उठली तिलाच कळलं नाही. सगळं सभागृह तिच्याकडे वळलं, जसं नेहमी वळायचं. आता ही बोलणार, म्हणून दोघाचौघांनी खुर्च्याही सरसावल्या.

"तिचं अजून व्हायचंय," कस्तुरी म्हणाली, आणि खाली बसली.

अधिकाऱ्यानं पेन खाली ठेवलं. पंख्यांची घरघर तेवढी राहिली. घोरपडे बाईंनी डोळे मिटून घेतले होते. कस्तुरीनं दोन्ही हात मांड्यांखाली दाबून धरले, कारण तोंड धरता येत नव्हतं. भिंतीला काय? भिंतीला उंची? भिंतीला भेग? भिंतीला शाप? तिच्या डोक्यात शब्दांची झुंबड उडाली होती.

"भिंतीला…" डबी म्हणाली. "दार ठेवा."

अधिकाऱ्यानं पेन पुन्हा उचललं.

"आमच्या… बाजूनं… उघडणारं."

मागच्या भिंतीशी टेकलेल्या माणसांतून, वाऱ्यानं शाळू सळसळावा तशी, एक लहर गेली. अधिकाऱ्यानं समोरचा नकाशा ओढला आणि चुन्याच्या रेघेवर बोट ठेवून तो शेजाऱ्याशी हलक्या आवाजात बोलू लागला. नक्षत्रानं मणी सोडला आणि बाकाची कड धरायची तसं माइकचं स्टँड दोन्ही हातांनी धरलं.

कस्तुरीच्या मनात भिंत होती, पूर होता, घर होतं, म्हशीसुद्धा होत्या. दार नव्हतं. जन्मात सुचलं नसतं. असा हेवा तिला आजवर कधी वाटला नव्हता, थेट शब्दांचा, लख्ख. डोळे पुसत ती शेजारच्या पोरीला म्हणाली, "मेली बघ कशी. एवढं वाक्य एकटीच घेऊन बसली होती."